गोळीचा हिशेब कोणी ठेवायचा?

मागच्या शनिवारी आमच्या गल्लीतल्या एका आजोबांना पोचवायला शांतीनगरच्या स्मशानभूमीत गेलो होतो. नव्वदी ओलांडलेले, फाळणीनंतर ह्याच कॅम्पात वाढलेले, पतवंडं बघून गेलेले... त्यामुळे रडारड फारशी नव्हती. अग्नी दिल्यावर पुरुषमंडळी नेहमीसारखी बाजूला घोळका करून उभी राहिली आणि गप्पा सुरू झाल्या. पाणी किती वाजता येतं, पत्रीपुलावर किती वेळ अडकलो, कोणाचा मुलगा कुठल्या कंपनीत. मग एकाने लांब भिंतीकडे हात करून विचारलं, "त्याला इथंच पुरलंय ना रे?"

नाव कोणी घेतलं नाही. घ्यायची गरजही पडली नाही. दुसरा म्हणाला, "बरं झालं, सरकारचा खर्च वाचला." दोन-तीन जण हसले. मी हसलो नाही, पण काही बोललोही नाही. स्मशानात वाद घालू नये असं आजी सांगायची, पण गप्प बसायचं खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं की सप्टेंबर २०२४ मध्ये मी स्वतः ह्याहून वाईट बोललो होतो.

तेव्हा जे बोललो त्याबद्दल, आणि शनिवारी जे बोललो नाही त्याबद्दल आज लिहून टाकतो.

ज्यांना तपशील विसरायला झालाय त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं. आरोप शाळेतल्याच एका सफाई कर्मचाऱ्यावर होता, चोवीस वर्षांचा अक्षय शिंदे. मुलींचे पालक पोलीस ठाण्यात गेले तर तक्रार नोंदवून घ्यायला जवळपास बारा तास लावले गेले. हे बारा तास लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. १७ ऑगस्टला आरोपीला अटक झाली. २० ऑगस्टला बदलापूरकर रुळावर उतरले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत कर्जतकडची लोकल बंद राहिली. त्याच दिवशी तीन पोलिसांच्या निलंबनाचे आदेश निघाले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरणाची दखल घेतली.

मग २३ सप्टेंबर. ठाणे गुन्हे शाखेचं पथक आरोपीला दुसऱ्या एका गुन्ह्याच्या तपासासाठी तळोजा जेलमधून घेऊन निघालं. संध्याकाळी मुंब्रा बायपासजवळ चालत्या पोलीस व्हॅनमध्ये त्याने एका अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या, एक गोळी त्या अधिकाऱ्याच्या मांडीला लागली, आणि मग स्वसंरक्षणासाठी दुसऱ्या अधिकाऱ्याने झाडलेली गोळी आरोपीच्या डोक्यात लागली, असं पोलिसांनी सांगितलं. व्हॅनमध्ये चालक धरून पाच पोलीस होते. सहावा मेला.

त्या रात्री मी काय केलं? ऑफिसातून घरी येताना बदलापुरात राहणाऱ्या माझ्या ताईचा फोन आला. तिची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. (दुसऱ्या शाळेत, पण त्या वयाच्या मुलींच्या आयांना शाळा दुसरी असण्याने काय फरक पडतो?) ताई महिनाभर धड झोपली नव्हती. "ऐकलंस का?" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. स्टेशनवर फटाके वाजत होते, पेढे वाटले जात होते. नंतर मुंबईत 'बदला पुरा' असे फलक झळकले, त्यावर तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री असलेल्या फडणवीसांचं हातात पिस्तूल घेतलेलं चित्र. त्याचा फोटो मी तीन ग्रुपवर पुढे ढकलला. वर एक शेरा मारला, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

मी शिकलेला माणूस आहे. कोड लिहितो, नियमाने टॅक्स भरतो, सिग्नल पाळतो (कॅम्प २ मध्ये गोल मैदानापाशी सिग्नल पाळणं म्हणजे मागच्या रिक्षावाल्याच्या शिव्या खाणं). आणि तरीही एका माणसाच्या डोक्यात गोळी गेल्याचं मला बरं वाटलं. हे आधी कबूल करतो, म्हणजे पुढचं वाचताना "हा कोण शहाणा आम्हाला शिकवणारा" असं वाटणार नाही.

मग माझं मत बदललं कधी? एका दिवसात नाही बदललं. सुरुवात अंत्यविधीपासून झाली. आरोपीच्या घरच्यांना त्याला जाळायचं नव्हतं, पुरायचं होतं, कारण उद्या पुन्हा तपासणी करायची वेळ आली तर पुरावा शिल्लक राहिला पाहिजे. पण जागाच मिळेना. न्यायालयाला त्यात लक्ष घालावं लागलं, आणि शेवटी २९ सप्टेंबरला पोलीस बंदोबस्तात शांतीनगरला दफन झालं. तिथेही आधी लोकांनी विरोध केला, खणलेला खड्डा बुजवला. ते बघून मी पहिल्यांदा चपापलो. मेलेल्या माणसावरचा राग मला समजतो. पण ज्या मृतदेहाची कदाचित पुन्हा तपासणी करावी लागेल, तो नीट पुरू न देण्यात आपण नक्की कोणाचं काम सोपं करत होतो?

आता एक वेगळी घटना आठवा. त्याच वर्षीची, आमच्याच उल्हासनगरातली.

२ फेब्रुवारी २०२४. हिल लाइन पोलीस ठाण्यात, चक्क वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये, कल्याण पूर्वचे तेव्हाचे भाजपचे आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेच्या शिंदे गटाचे शहरप्रमुख महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. जमिनीचा वाद. महेश गायकवाड आणि त्यांचे एक सहकारी गंभीर जखमी झाले, दोघंही वाचले. आमदारांना अटक झाली.

ह्या प्रकरणात गोळी कोणी झाडली ह्यावर वाद झालेला तुम्ही ऐकलाय? मी नाही ऐकला. का झाडली, मुलाला धक्काबुक्की झाली होती की नाही, जमीन कोणाची, ह्यावर भरपूर वाद झाले. पण "असं घडलंच नाही" असं कोणी म्हणू शकलं नाही. कारण केबिनमध्ये सीसीटीव्ही होता. दुसऱ्या दिवशी आख्ख्या महाराष्ट्राने ते फुटेज बघितलं.

एकच पोलीस आयुक्तालय, ठाणे. एकच वर्ष. दोन गोळीबार. पहिल्यात आमदाराकडे सत्ता होती, पक्ष होता, परवान्याचं पिस्तूल होतं, तरी त्याला गोष्ट बदलता आली नाही, कारण गोष्ट भिंतीवरच्या कॅमेऱ्याने आधीच लिहून ठेवली होती. दुसऱ्यात गाडीच्या आतलं एकही दृश्य लोकांसमोर आलं नाही. आपल्याला जे कळलं ते गोळी झाडणाऱ्यांच्याच तोंडून कळलं. आणि ज्याच्याकडे दुसरी बाजू होती तो मेलेला.

थोडक्यात काय, हिल लाइनच्या बाबतीत आपल्याला माहिती होती. मुंब्रा बायपासच्या बाबतीत आपण विश्वास ठेवला. दोन्हीत फरक आहे, आणि माझा सगळा मुद्दा तेवढाच आहे.

हा फरक मला खरं म्हणजे खूप आधी कळायला हवा होता, कारण माझं पोट त्याच्यावर चालतं. काही वर्षांपूर्वी, आधीच्या एका कंपनीत, मध्यरात्री आमची पेमेंटची सिस्टीम चाळीस मिनिटं बंद पडली. ड्यूटीवर एक हुशार मुलगा होता. त्याने सर्व्हर रिस्टार्ट केला, सगळं पूर्ववत केलं आणि सकाळी रिपोर्टही स्वतःच लिहिला: हार्डवेअरचा बिघाड. आम्ही लॉग बघायला गेलो तर लॉग नाहीत. म्हणाला, डिस्क भरली होती म्हणून मीच काढले. तो खरं बोलत होता की स्वतःची चूक लपवत होता, मला आजही माहीत नाही. वाईट ह्याचं वाटतं की तो खरं बोलत असेल तरीही ते सिद्ध करायला त्याच्याकडे काहीच उरलं नव्हतं. कोणी त्याला तोंडावर काही बोललं नाही, पण त्याच्यावर काम सोपवताना सगळे दोनदा विचार करायला लागले. सहा महिन्यांत तो सोडून गेला.

त्यानंतर नियम झाला. लॉग दुसऱ्याच मशीनवर जाणार, जिथे आमच्यापैकी कोणाचाही हात पोचत नाही. आणि ज्याच्या हातून बिघाड झाला तो त्याचा रिपोर्ट लिहिणार नाही. ह्यात कोणाला चोर ठरवणं नाही. प्रामाणिक माणसालाच ह्या नियमाचा सगळ्यात जास्त फायदा होतो.

गंमत म्हणजे पोलिसांच्या बाबतीतही असा नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र सरकार ह्या खटल्यात सोळा कलमी मार्गदर्शक सूत्रं घालून दिली. खटला आपल्या मुंबईचाच. १९९५ ते १९९७ ह्या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसं मेली, त्या खऱ्या होत्या का हा प्रश्न. न्यायालयाने सांगितलं की चकमकीत माणूस मेला तर एफआयआर नोंदवा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाने करावा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावी, पोलिसांची हत्यारं तपासणीला द्यावीत, शंका फिटेपर्यंत बढती किंवा शौर्यपदक देऊ नये. निकालाची तारीख २३ सप्टेंबर २०१४. बदलापूर प्रकरणातल्या आरोपीचा मृत्यू २३ सप्टेंबर २०२४. बरोबर दहा वर्षं. योगायोगच आहे, पण बोचणारा.

पुढे काय झालं? उच्च न्यायालयात पहिल्याच सुनावणीत न्यायमूर्तींनी विचारलं की एवढे पोलीस असताना एका माणसाला आवरता कसं आलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल उच्च न्यायालयासमोर आला. पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे मिळाले नाहीत, वापरलेलं बळ समर्थनीय नव्हतं आणि मृत्यूला पाचही पोलीस जबाबदार आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. फेब्रुवारीत आरोपीच्या आई-वडिलांनी न्यायालयाला सांगितलं की आम्हाला आता ही केस पुढे लढवायची नाही. तरीही न्यायालयाने विषय सोडला नाही. एप्रिल २०२५ मध्ये विशेष तपास पथक नेमायचा आदेश दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि मे महिन्यात पथक पोलीस महासंचालकांनी नेमावं असा बदल त्या आदेशात झाला.

पोलिसांना दंडाधिकाऱ्यांचे निष्कर्ष मान्य नव्हते, त्यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिलं. तो त्यांचा हक्क आहे. मी त्या पाच जणांना खुनी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर मी पुन्हा तेच केलं, जे २०२४ मध्ये केलं होतं: खटल्याआधी निकाल. दंडाधिकाऱ्यांची चौकशी म्हणजे खटला नव्हे. पण विचार करा, त्या व्हॅनमध्ये आवाजासकट चालू असलेला एक कॅमेरा असता आणि पोलिसांचं म्हणणं खरं असतं, तर ते पाच जण आठवड्याभरात मोकळे झाले असते.

आमच्या गल्लीत एक निवृत्त हवालदार काका राहतात. रविवारी सकाळी नेहरू चौकात दाल-पकवान खाताना त्यांना विचारलं, "काका, तुमचं काय मत?" काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "अरे, मत साहेबांना असतं. आपण गाडीत बसायचं. पेपरात फोटो साहेबांचा येतो, कोर्टाच्या तारखा आपल्याला येतात."

घरी येऊन लखनभैया प्रकरण पुन्हा वाचलं तेव्हा काकांचं म्हणणं नीट कळलं. ११ नोव्हेंबर २००६. रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया ह्याला वाशीतून एका मित्राबरोबर उचललं आणि संध्याकाळी वर्सोव्यात 'चकमक' झाली. पोलिसांची कागदपत्रं चोख होती. पण त्याचा भाऊ वकील. उचलल्याचं कळताच त्याने पोलीस अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले होते, चकमकीच्या आधी. तार ऑफिसचा शिक्का पोलिसांना बदलता येत नव्हता. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग दुसऱ्या मशीनवर गेला होता :)

तरी सोपं नव्हतं. बरोबर उचललेला मित्र साक्ष द्यायच्या काही दिवस आधी, मार्च २०११ मध्ये, मारला गेला. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना दोषी ठरवलं, त्यात १३ पोलीस. पथकाचे प्रमुख आणि गाजलेले अधिकारी प्रदीप शर्मा तेवढे निर्दोष सुटले. हाताखालचे आत आणि साहेब बाहेर. त्यांची सुटका मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली आणि जन्मठेप दिली ती १९ मार्च २०२४ ला, म्हणजे घटनेनंतर सतरा वर्षांनी. शर्मांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. बदलापूर प्रकरणाच्या सहा महिने आधीचाच हा निकाल. आपण सगळ्यांनी तो पेपरात वाचला होता, आणि सहा महिन्यांत विसरलो.

"पण ते सगळे गुंडच होते ना?" हा पुढचा प्रश्न असतो. माझाही होता. त्याचं उत्तर ख्वाजा युनूस. परभणीचा, २७ वर्षांचा, आपल्यासारखाच इंजिनियर. घाटकोपर स्फोटाच्या संशयावरून डिसेंबर २००२ मध्ये पकडला. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की त्याला घेऊन जाणाऱ्या गाडीला पारनेरजवळ अपघात झाला आणि तो पळाला. पुन्हा तेच: पोलिसांची गाडी, मध्येच रस्ता, साक्षीदार फक्त पोलीस. सीआयडीच्या तपासात ही गोष्ट बनावट निघाली, आणि चार पोलीस २००४ मध्ये निलंबित झाले. त्यातले एक सचिन वाझे. जून २०२० मध्ये ते पुन्हा सेवेत आले आणि मार्च २०२१ मध्ये अंबानींच्या घराजवळ सापडलेल्या स्फोटकांच्या प्रकरणात एनआयएने त्यांना पकडलं. युनूस पुन्हा कोणाला दिसला नाही. पिस्तुलाचा आणि अधिकाराचा हिशेब विचारायचा नाही असं एकदा ठरलं, की तो अधिकार फक्त 'वाईट' माणसांवरच चालेल ह्याची हमी कोण देणार?

हैदराबादचंही तेच. डिसेंबर २०१९ मध्ये डॉक्टर तरुणीच्या बलात्कार आणि खुनातले चार आरोपी चकमकीत मारले गेले. हत्यार हिसकावलं, गोळ्या झाडल्या, तीच गोष्ट. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयाने आपल्या महाराष्ट्रातले निवृत्त न्यायमूर्ती वि. श्री. सिरपूरकर यांचा आयोग नेमला. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अहवालात आयोगाने पोलिसांची गोष्ट रचलेली आहे असं म्हटलं, आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवायची शिफारस केली. चारपैकी तिघं तेव्हा अल्पवयीन होते असंही आयोगाने नोंदवलं. फुलं उधळून झाल्यावर.

आता तुम्ही म्हणाल, "तुझ्या भाचीच्या बाबतीत झालं असतं तर?" प्रामाणिक उत्तर: तर मी बहुतेक पिस्तूल मागितलं असतं. म्हणूनच असले निर्णय मुलीच्या मामाकडे नसतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कोर्टात न्याय मिळायला आयुष्य जातं. खरंच जातं. दिल्लीच्या निर्भया प्रकरणात डिसेंबर २०१२ चा गुन्हा, सप्टेंबर २०१३ मध्ये फाशीची शिक्षा, आणि फाशी झाली मार्च २०२० मध्ये. पहिला निकाल नऊ महिन्यांत, पुढची साडेसहा वर्षं अपिलं आणि अर्ज. ह्यावर चिडायलाच हवं. पण पॉक्सो कायद्यात कलम ३५ आहे. मुलाची साक्ष विशेष न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवा, असं ते सांगतं. बदलापूरच्या रुळावर आपण "आत्ता फाशी द्या" म्हणत होतो. "कलम ३५ प्रमाणे वर्षात निकाल द्या" असं म्हणणारा बोर्ड मला एकही दिसला नाही. माझ्याही हातात नव्हता.

आणि तिसरा आक्षेप, "मग पोलिसांनी गोळ्या खायच्या का?" अजिबात नाही. जिवावर बेतलं तर गोळी झाडायचा हक्क कायद्याने पोलिसाला आहे, मला आणि तुम्हालाही स्वसंरक्षणाचा आहे. पण जिवावर बेतलं होतं हे दुसऱ्या कोणीतरी तपासलं पाहिजे. आणि शौर्याचंच बोलायचं तर मला मुंब्रा बायपासच्या आधी गिरगाव चौपाटी आठवते. २६ नोव्हेंबर २००८. साहाय्यक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे, हातात फक्त लाठी, समोर एके-४७. त्यांनी ती बंदूक पोटाशी धरून ठेवली, अंगात गोळ्या घेतल्या आणि कसाब जिवंत सापडला. तो जिवंत सापडला म्हणून त्याचा जबाब झाला, खटला चालला, कट कुठे शिजला ते जगासमोर आलं, आणि चार वर्षांत, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशीही झाली. त्या रात्री कसाबला तिथेच मारला असता तर कोणी प्रश्न विचारला नसता. पण मग पाकिस्तानला खोटं ठरवायला आपल्याकडे काय उरलं असतं?

बदलापुरात काय उरलं? आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो. म्हणजे त्या दोन मुलींच्या बाबतीत 'ह्याने गुन्हा केला, हे सिद्ध झालं' असं आता कुठलंही न्यायालय कधीही लिहिणार नाही. शाळेच्या पदाधिकाऱ्यांना अटक झाली तीसुद्धा चकमकीनंतर, ऑक्टोबरमध्ये. त्या मुली मोठ्या होतील. त्यांच्यासाठी आपण एक निकाल ठेवू शकलो असतो. आपण फटाके ठेवले.

महिन्याभरापूर्वी ताईकडे गेलो होतो तेव्हा हा विषय निघाला. मला वाटलं आता भांडण होणार. ती भांडी घासता घासता म्हणाली, "तो मेल्याचं मला वाईट वाटत नाही, खोटं कशाला बोलू? पण आम्ही रस्त्यावर उतरलो होतो ते त्या पोलिसांनी बारा तास का लावले म्हणून. त्यांना कोणाचा फोन आला होता, का त्यांना महत्त्वाचंच वाटलं नाही? ते कुठे कळलं? आम्ही प्रश्न पोलिसांना विचारला होता, आणि महिन्याभरात आम्हीच पोलिसांना पेढे दिले."

मी इतकी पानं खर्च करून जे सांगतोय ते तिने एका वाक्यात संपवलं. आमच्या कामात ह्याला तिकीट बंद करणं म्हणतात. बिघाड का झाला ते शोधायचं नाही, फक्त तक्रार पडद्यावरून घालवायची. ग्राहक खूश होतो, आणि तोच बिघाड पुन्हा येतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्येच प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासकट सीसीटीव्ही लावायला सांगितलंय. तसेच ते कैदी नेणाऱ्या प्रत्येक गाडीत हवेत, आणि त्याचं रेकॉर्डिंग त्या पोलिसांच्या ताब्यात नको, दुसरीकडे हवं. गोळी सुटली की त्या क्षणापासून तपास दुसऱ्याकडे. आणि तक्रार घ्यायला उशीर लावला तर निलंबनावर विषय संपवू नका, उशीर का झाला ते लेखी जाहीर करा. ह्यातल्या कशानेही कोणत्याही गुन्हेगाराचं भलं होत नाही. झालंच तर हवालदार काकांसारख्या माणसाचं होईल.

असो. शांतीनगरला पुन्हा जायची वेळ येणारच आहे, वय झालेली माणसं गल्लीत बरीच आहेत. पुढच्या वेळी कोणी भिंतीकडे हात करून "बरं झालं" म्हणालं तर मी वाद नाही घालणार. फक्त विचारणार आहे, "ते बारा तास का लागले, कळलं का हो तुम्हाला?"